राणीचा तिसरा डोहाळा

एका राज्यात एक राजा होता. राज्य बरं होतं. नदी बारमाही होती, चोर थोडे होते, आणि तेही सणासुदीला सुटी घेत. पण त्या राज्यात एक चाल होती, ती मात्र जगावेगळी. तिथल्या राजाने ‘मला कळत नाही’ असं कधी म्हणायचं नाही. सिंहासनावर बसताना तशी शपथच घ्यावी लागे. आभाळाला खांब किती, मुंगी झोपते केव्हा, कोणी काहीही विचारो, राजाने चेहरा गंभीर करून उत्तर द्यायचं. राजा ‘कळत नाही’ म्हणाला की सिंहासनाचा पाय मोडतो, असं जुनी माणसं सांगत. पाय मोडलेला कोणी पाहिला नव्हता, कारण तसं म्हणून कोणी पाहिलंच नव्हतं.

राजा सुमेधवर्मा या चालीतच वाढला. उत्तर द्यायला त्याला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नसे. त्याची राणी कुंतला. लग्नाला बरीच वर्षं झाली, नवससायास झाले, उपासतापास करून दोघं दमली, आणि मग एकदाचे राणीला दिवस गेले. राजा आनंदाने वेडा व्हायचा तेवढा बाकी राहिला. पण आनंदाचं बोट धरून भीतीही आली. हे मूल मोठं होईल, त्याला मुलंबाळं होतील, त्यांच्यावर कोणी चालून आलं तर? तेव्हा मी कुठे असेन? जेवता जेवता हात थांबवून तो हे राणीला विचारी. राणी म्हणे, आधी बाळ तर होऊ द्या, महाराज, त्याच्या नातवंडांचं सावकाश बघू.

बाळासाठी नवा महाल बांधायला घेतला. पाया खणताना एका काळ्या धोंड्याखाली तांब्याचा कलश सापडला. तोंड मेणाने बंद केलेलं. राजाने मेण फोडलं तसा कलश बोलू लागला.

‘माझ्यात अमृताचा थेंब आहे,’ कलश म्हणाला. ‘जो पिईल तो मरणार नाही. पण आधी सांग. कधीच न मरता जगत राहायचं म्हणजे काय, हे तुला कळतं?’

दुसरा कोणी असता तर डोकं खाजवून म्हणाला असता, नाही बाबा. राजाला ती सोय नव्हती. भोवती प्रधान, सरदार, पाथरवट, सगळे कान टवकारून उभे.

‘कळतं,’ राजा म्हणाला.

‘मग पी,’ कलश म्हणाला. ‘आणि पुरतं कळेपर्यंत बैस.’

राजाने थेंब तोंडात टाकला. तो घशापाशी जाऊन अडकला, खाली जाईना की वर येईना. राजा दरबारात आला, सिंहासनावर बसला आणि विचार करू लागला. आपल्या आयुष्याचं पहिलं शतक त्याने एका दमात डोळ्यांसमोर आणलं. मग दुसरं आणलं. मग तिसरं. मागे किती सरलं ते त्याला दिसे, पण पुढे पाहावं तर जेवढं आधी होतं तेवढंच शिल्लक. तो पुढे पुढे जात राहिला आणि सिंहासनावरून उठेनासा झाला.

राजा थांबला तसं राज्यही थांबलं. आधी लोकांना बरंच वाटलं, कारण मरणंही थांबली. पण मग ध्यानात आलं की कशाचंच काही पुरं होत नाही. कैऱ्यांचे आंबे होईनात. दुधाला विरजण लावलं तर दही लागेना. अंडी उबवून उबवून कोंबड्या कंटाळल्या. आजारी माणूस मरेना तसा बराही होईना. एका मांडवात भटजींची मंगलाष्टकं संपेनात, नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना हार धरून उभी होती ती उभीच. सगळी वऱ्हाडी मंडळी मुठीत अक्षता धरून ताटकळली होती, आणि यजमानाला दोन्ही वेळा त्यांच्या जेवणाची सोय करावी लागे.

आणि राणीचा नववा महिना सरेना.

बाळ पोटात हलत होतं, लाथा मारत होतं, उचकीसुद्धा देत होतं. फक्त जन्माला येत नव्हतं. ऋतूमागून ऋतू गेले. राणी कुशीवर वळायला दासीचा हात मागे, पायऱ्या उतरताना भिंतीचा आधार घेई. राज्यातल्या आणखी कितीतरी बायका अशाच अवघडून बसल्या होत्या. काहीजणी माहेरी परमुलखात जाऊन आल्या, पण ज्यांनी त्या राज्याचं मीठ खाल्लं होतं त्यांच्या पाठोपाठ शापही सीमेपार गेला. राणी दरबारात जाऊन राजाला हाक मारी. राजा डोळे न उघडता म्हणे, जरा थांब, अजून थोडंच राहिलं आहे. तिला त्याचा रागही येई आणि त्याची वाळलेली मान पाहून रडूही येई.

प्रधान बृहद्भानू शहाणा माणूस. त्याने पंडित बोलावले. पंडितांनी खल केला आणि सांगितलं की महाराजांना अजून वेळ दिला पाहिजे. राणीने कपाळाला हात लावला.

त्याच दिवशी तिच्या खिडकीत एक भारद्वाज येऊन बसला. डोळे लाल, पंख विटकरी, आणि तोंडावर कमालीची नाराजी.

‘लोक मला बघून हात जोडतात आणि कामाला जातात,’ तो म्हणाला. ‘त्यांचा दिवस चांगला जातो. माझी अंडी फुटत नाहीत, ते कोणी विचारत नाही.’

राणीने विचारलं. एवढ्यानेही तो निवळला आणि मग त्याने ऐकलेलं सगळं सांगितलं. तो कलश ताम्रलोचन नावाच्या जादूगाराने केला होता. तीन डोंगरांपलीकडे त्याची बाग होती आणि तो स्वतः अमर होता. उतारा असलाच तर त्याच्यापाशी. पण त्याच्याकडून आजवर कोणी काही काढून घेऊ शकलं नव्हतं.

‘मला तो नाही म्हणणार नाही,’ राणी म्हणाली.

कारण त्या मुलखात आणखी एक चाल होती, सिंहासनाहूनही जुनी. नववा महिना लागलेल्या बाईचे तीन डोहाळे कोणी मोडायचे नाहीत. मग तो राजा असो, शत्रू असो की राक्षस. ‘मला डोहाळा लागला’ असं तिने म्हटलं आणि समोरच्याने नाही म्हटलं, तर त्याच्या तोंडातून लाळ गळू लागे आणि डोहाळा पुरवल्याशिवाय ती मरेपर्यंत थांबत नसे. साध्या माणसाची गोष्ट वेगळी, तो कधीतरी मरतो. अमर माणसाने काय करावं? राणीने आपले तिन्ही डोहाळे हातचे राखले होते. ती होतीच तशी जपून वागणारी.

मेणा सजला, भोई निघाले. भारद्वाज पुढे चालत होता, कारण त्याला फार उडवत नसे. पहिला डोंगर काट्यांचा होता, दुसरा धुक्याचा, तिसरा नुसता चढाचा, आणि भोई म्हणत, त्यापेक्षा काटे परवडले. तिसरा डोंगर उतरताना वाऱ्यावर एक वास आला. राणीने मेण्याचा पडदा बाजूला केला.

पिकलेल्या आंब्याचा वास होता तो. तिने इतका काळ फक्त कैऱ्या खाल्ल्या होत्या. आंबट खाऊन तिचे दात आंबले होते, जीभ सोलून निघाली होती, कैरी दिसली तरी अंगावर काटा येई. आणि इथे बागेत झाडं पिवळ्याधमक फळांनी वाकली होती. झाडाखाली एक म्हातारा खुरपं घेऊन बसला होता. त्याचे डोळे तांब्याच्या रंगाचे होते.

राणीने वाटभर बोलणं जुळवत आणलं होतं. ते सगळं विसरून ती म्हणाली, ‘मला डोहाळा लागलाय. तो आंबा द्या.’

भारद्वाजाने डोळे मिटून घेतले. ताम्रलोचन उठला, त्याने आंबा तोडला, पाण्यात बुडवून तिच्या हातावर ठेवला. राणी झाडाखाली बसली आणि तिने तो कोय पांढरी होईपर्यंत खाल्ला. कोपरापर्यंत रस ओघळला. एक डोहाळा असा गेला. तिला त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर नाही वाटलं.

हात धुऊन मग ती कामाचं बोलली. ताम्रलोचनाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, उतारा एवढाच की राजाला कळलं पाहिजे. कळलं की तो उठेल. राणीने विचारलं, ते न कळण्यासारखं आहे का? जादूगार म्हणाला की सांगून पटणार नाही. तेव्हा राणीने दुसरा डोहाळा मागितला. माझा नवरा जे बघत बसलाय ते मलाही बघायचंय, ती म्हणाली.

‘बाळंतीण व्हायची बाई तू,’ ताम्रलोचन म्हणाला. ‘तिथे जाऊ नकोस.’

हे बोलला मात्र, त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात लाळ जमली. त्याने ती घाईघाईने पुसली आणि तिला बागेच्या टोकाशी नेलं. तिथे एक पायऱ्यांची विहीर होती. तिला तळ नव्हता. काठावर बसून खाली पाहायचं, आणि एकेका पायरीला आयुष्याचं एकेक वर्ष दिसायचं.

राणी पाहू लागली. पहिल्या पायरीवर तिला बाळ दिसलं. दुसरीवर त्याचे दात, त्यापुढे त्याचे हट्ट. मग लग्न, मग नातवंडं. इथवर तिला फार गोड वाटलं. नातवंडांचे केस पांढरे झाले तेव्हा ती जरा गोंधळली. त्यांची नातवंडं आली तेव्हा त्यांची नावं तिच्या ध्यानात राहीनात. पुढे चेहरे सारखेच दिसू लागले. पुढे गावं बदलली, नदी सरकली, लोक वेगळंच काही बोलू लागले, आणि राणी त्यांच्यात उभी होती, पण कोणाची कोण म्हणून, ते तिला आठवेना. तिने नेट लावला. आणखी खाली, आणखी खाली. आणि एकदम तिच्या लक्षात आलं की आपण मघापासून पायऱ्या बघतच नाही आहोत. घरी लोणच्याची बरणी उघडी तर राहिली नाही ना, याचा विचार करतो आहोत.

तिने तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा तिचं मन थोडं खाली गेलं आणि संध्याकाळची गाय गोठ्याकडे वळावी तसं घरी आलं. एकदा लोणच्याकडे, एकदा बाळाच्या दुपट्याकडे, एकदा राजाच्या वाळलेल्या मानेकडे.

‘माझ्याच्याने होत नाही,’ ती म्हणाली.

‘कोणाच्याच्याने होत नाही,’ ताम्रलोचन म्हणाला. ‘माणसाचं मन तेवढं ताणतच नाही.’

‘पण तुम्ही तर अमर आहात.’

‘जगतो आहे. जगणं निराळं आणि कळणं निराळं. हा डोंगर टेकाड होता तेव्हापासून मी आहे, पण मलाही एका वेळी आजचाच दिवस दिसतो. आज झाडांच्या आळ्यांत पाणी घालायचं, उद्या कलमं बांधायची. मी अमृत प्यालो तेव्हा मलाही लोकांनी विचारलं होतं. मी म्हटलं, मला काही कळत नाही बुवा, आणि बागेत गेलो. थेंब मुकाट्याने पोटात उतरला. तुझ्या नवऱ्याने कळतं म्हणून सांगितलं, म्हणून तो घशात अडकला.’

राणी उठून उभी राहिली. तिने विचारलं, महाराज आताही तसं म्हणाले तर? ताम्रलोचन विचार करून म्हणाला, इतका काळ अडकलेला थेंब आता पोटात उतरायचा नाही, बाहेरच पडेल. राजा चारचौघांसारखा मरणारा माणूस होईल. पण ते त्याने स्वतःच्या तोंडाने, मनापासून म्हटलं पाहिजे, आणि तुमच्या गादीची चाल तर मला ठाऊक आहे. मग तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, तुझा एक डोहाळा उरलाय, माझ्याकडचं आणखी काही मागायचं असेल तर माग. आंबे, सोनं, हवं तर तुझ्यासाठीही एक थेंब.

राणीच्या मनात आलं, राजा उठलाच नाही तर? मग तिनेही एक थेंब घ्यावा, त्याच्या शेजारी बसावं, दोघं मिळून बघत राहावं. हा विचार तिला शिवला, खोटं कशाला बोला. तेवढ्यात बाळाने लाथ मारली.

‘नको,’ ती म्हणाली. ‘तो मी घरी मागणार आहे.’

परतीच्या वाटेवर तिने भोयांना कुठे टेकू दिलं नाही. दरबारात पोचली तेव्हा राजा तसाच बसलेला, प्रधान शेजारी उभा. राणीने प्रधानाला काय ते सांगितलं. बृहद्भानूचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता. त्याने हात जोडून सांगितलं की राणीसाहेब, हे सोडून काहीही मागा. राजालाच कळत नाही असं एकदा लोकांनी ऐकलं, तर उद्या न्याय मागायला कोणाकडे जावं? आणि सिंहासनाचा पाय मोडेल तो वेगळाच.

‘पाय मोडला तर सुतार आहे,’ राणी म्हणाली.

ती सिंहासनासमोर जमिनीवर बसली, कारण उभं राहवत नव्हतं. तिने राजाला विचारलं, कुठवर पोचलात? राजा म्हणाला, फार दूर. पुढे किती उरलं? राजा म्हणाला, होतं तेवढंच. आवाज कोरडा होता त्याचा.

‘महाराज, मला डोहाळा लागलाय,’ राणी म्हणाली. ‘तुमच्या तोंडून एक वाक्य ऐकायचंय. मला कळत नाही, एवढंच.’

राजाने डोळे उघडले. मागच्या कितीतरी ऋतूंत त्याने ते उघडले नव्हते.

‘ते सोडून माग,’ राजा म्हणाला.

लगेच त्याच्या हनुवटीवर लाळ ओघळली. प्रधान पुढे होऊन ती उपरण्याने पुसू लागला. पुसावी तशी ती वाढतच गेली. सरदार माना खाली घालून उभे राहिले. राणीला हसू आलं नाही.

‘मीही जाऊन पाहिलं,’ ती म्हणाली. ‘आपल्या नातवंडांच्या नातवंडांपर्यंत गेले आणि परत आले. तुम्ही माझ्याहून पुष्कळ पुढे गेलात. मला एवढंच सांगा. तिथे मी कुठवर आहे?’

राजाने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग म्हणाला, ‘तू पहिल्याच शतकात गेलीस.’

‘मग?’

‘मग मी पुढे गेलो. थोडा काळ तुझा चेहरा आठवत होता. मग नुसतं नाव आठवत होतं. मग तेही...’ राजा थांबला. त्याने सिंहासनाचे हात घट्ट धरले. ‘बाळाचंही तसंच झालं. ज्याच्यासाठी प्यालो, त्याचं नाव मला आठवेना. तरी सगळं पुढे चालूच होतं. तुम्ही कोणीच नाही, आणि एवढं सगळं. ते कशाला, कुंतले? मला कळत नाही. मला खरंच कळत नाही.’

तसा थेंब त्याच्या घशातून सुटला, ओठांवर आला आणि खाली फरशीवर पडला. ती फरशी अजून आहे. दरबारातल्या बाकी फरशा झिजल्या, बदलल्या, ती तशीच आहे.

सिंहासनाचा पाय मोडला. डावा पुढचा. राजा खाली घसरला तो थेट राणीशेजारी जमिनीवर. लाळ थांबली होती. इतक्या काळाची भूक, तहान आणि पाठदुखी त्याला एकदमच लागली, आणि तो राणीच्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला. राणीने त्याला रडू दिलं. मग तिने त्याचं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाली की आता सुईणीला बोलवा, लवकर.

त्या दिवशी त्या राज्यात जी तारांबळ उडाली तिला तोड नाही. सगळे आंबे एकदम पिकले आणि अंगणात सडा पडला. विरजणं एकदम लागली. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, आणि यजमानाने सुटकेचा निःश्वास सोडला. काही जुने आजारी लोक शांतपणे गेले, त्यांच्या घरची माणसं रीतसर रडली आणि रीतसर जेवली. सुइणी गल्लीगल्लीतून धावत होत्या, एका घरी नाळ कापावी तो पलीकडच्या घरातून हाक. भारद्वाजाची तिन्ही पिल्लं अंड्यातून बाहेर आली ती तोंड वासूनच, आणि तो दुसऱ्या दिवसापासून कोणाला दर्शन द्यायला मोकळा राहिला नाही.

राणीला मुलगी झाली. इतका काळ पोटात राहिल्याने तिच्या डोक्यावर दाट जावळ होतं आणि चेहरा भलताच शहाणा दिसत होता. बारशाच्या दिवशी पंडित पत्रिका मांडून बसले. बृहद्भानूने सुताराकडून पाय बसवून घेतला होता, पण राजा पाळण्यापाशीच मांडी घालून बसला. नवल म्हणजे, राजा चुकूही शकतो हे कळल्यावर लोक न्यायाला जास्तच येऊ लागले होते, आणि आपलं म्हणणं नीट मांडू लागले होते.

राणीने राजाला हळूच विचारलं की आता नातवंडांच्या नातवंडांची काळजी कोण करणार.

‘त्यांची आई करील,’ राजा म्हणाला.

मुलीने त्याचं बोट पकडलं होतं. जेवणाची पानं मांडली होती, प्रधान दोनदा बोलावून गेला, वरण निवत होतं. राजाने बोट सोडवून घेतलं नाही. ती झोपली तेव्हा तिची मूठ आपोआप सैल झाली, आणि मग तो जेवायला उठला.

झाडावरचं फळ पिकलं, देठाशी सुटलं. गोष्टही तशीच पिकली. ज्याच्या ओंजळीत पडली त्याने गोड मानून घ्यावी.